पाहुण्याच्या निमित्तानं

उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात
जर्मन मशीनवाल्यांचं कॅलेंडर असतं.
दर महिन्याला एक राजवाडा:
बर्फातला, तळ्यातला, धुक्यातून टोक काढलेला.
फेब्रुवारीचं पान भरमाणी शिपायाला आवडलं,
म्हणून जून उजाडला तरी फेब्रुवारीच.

तो फेब्रुवारीतला मी आतून बघितलाय.
पॅटर्नच्या कामासाठी तीन आठवडे बव्हेरियात होतो तेव्हा
आलॉइसनं एका रविवारी गाडी काढली.
तिकिटावर वेळ छापलेली, अकरा वाजून पाच.
बुटांवर नमद्याचे सपाते चढवून
राजाच्या फरशीवरून घसरत घसरत चाललो,
पस्तीस मिनिटांत अख्खा एक जन्म.
पलंगाच्या माथ्यावर लाकडात कोरलेले शंभर कळस.
सगळे वर बघत होते. मी सांधा शोधत होतो.
सुताराचा पोरगा;
सांधा सापडला नाही तर रात्री झोप लागत नाही.
सापडला. एका पानामागं, केसाएवढा.
हात पुढं गेला, तशी गाईडबाई खाकरली.

यंदा आलॉइस इकडं आला, स्पिंडल बदलायला.
शनिवारी कुंदा खाऊन बोटं चाटत म्हणाला,
आता तुमचा राजवाडा?
मी गप्प.
पन्नास वर्षं राजहंसगड माझ्या खिडकीत आहे,
आभाळ आलंय का तेवढं बघायला.
वर गेलो होतो चौथीत, सहलीला.
डब्यातली चपाती माकडानं नेली, एवढंच आठवतं.

रविवारी स्कूटरवर डबलसीट.
येळ्ळूरच्या दोन्ही अंगांना धूळवाफ पेरणी झालेली भातशेतं.
वर तिकीट नाही, सपाते नाहीत, पलंग नाही.
दरवाजा, तट, सिद्धेश्वराचं देऊळ, विहीर
आणि वारा, घरमालकासारखा कुणाला बोलू न देणारा.
राजाची खोली कुठली, त्यानं विचारलं.
मी गवताकडं हात केला.
ह्या गवतात की त्या, मलाही नक्की माहीत नाही.
पाटीवर कानडीत सगळं लिहिलेलं.
बाजारात मी कानडी झरझर बोलतो,
वाचताना मात्र अक्षराला अक्षर जोडत पहिलीत बसतो.
तो थांबून राहिला.

शेळ्या हाकत एक बाई आली.
"काय बघूलालासा वो, दगडं?"
"व्हय," म्हटलं.
"आणि हेचं किती देत्यात तुमास्नी?"
मी भाषांतर केलं नाही. तो तरीही हसला.

मग त्यानं तटाला तळवा लावला.
बराच वेळ. कुणी खाकरलं नाही.
छिन्नीच्या खुणा बोटानं मोजत गेला:
तिरपी, तिरपी, तिरपी, मग एक उलटी,
डावऱ्या हाताची, नाहीतर दमलेल्या.
आणि भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला,
माझी आई त्या राजवाड्यात फरशीला मेण लावायची.
एकतीस वर्षं, गुडघ्यांवर.
मी कधी आत गेलो नव्हतो.
तिकीट काढून आईच्या कामावर कोण जातो?
तू आलास, म्हणून गेलो.

मला ते घसरणं आठवलं.
सपात्यांखाली काहीतरी चकाकत होतं,
आणि मी लाकूड बघत होतो.

उतरताना विचारतो, महाराष्ट्र कुठून सुरू होतो?
पश्चिमेला हात केला. म्हटलं, तिकडं,
दुधाच्या पिशवीचा रंग बदलतो तिथून.
हे त्याला पटलं. मापात बसणारं उत्तर.

सोमवारी स्पिंडल बसला, दोन शतांश मिलिमीटरच्या आत.
जायच्या आधी त्यानं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं,
फेब्रुवारीला नाक टेकेपर्यंत जवळ धरलं,
आणि खाली, उजव्या कोपऱ्यातल्या
एका बारक्या दारावर नख ठेवलं:
इथून.

भरमाणी म्हणाला, काय इथून?
मी म्हटलं, कामाला यायचं दार.